आणखी

तिसरीत असेन. आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत बाई मोहरीच्या दाण्याचा दाखला शिकवत होत्या. स्वर्गाचं राज्य मोहरीच्या दाण्यासारखं आहे, तो सगळ्या बियांमध्ये लहान, पण वाढला की त्याचं झाड होतं आणि आकाशातली पाखरं त्याच्या फांद्यांवर येऊन राहतात. मी हात वर केला. म्हटलं, बाई, राजगिरा मोहरीपेक्षा बारीक असते. मागून कोणी तरी ‘खसखस बी’ म्हणालं आणि सगळी पोरं हसली. बाईंनी माझा कान असा पिरगाळला की घरी पोचेपर्यंत गरम लागत होता. “प्रभू खोटं बोलला म्हनतं का तू?”

घरी आबाजींनी कान पाहिला आणि कारण विचारलं. मग आजीला हाक मारून मोहरी, राजगिरा आणि खसखस, चिमूट चिमूट मागवली. पितळी ताटात तीन ढिगल्या केल्या. चष्मा पुसला, ताट दारात उजेडाला धरलं, आणि एखाद्या पंचासारखा निकाल दिला, “राजगिरा लहान हाय. खसखस बी लहान हाय.”

“मंग येशू चुकला?”

“तो काय बी-बियान्याच्या दुकानात उभा होता? वावरातल्या मानसाईशी बोलून राह्यला होता. त्याईच्या पेरण्यात जे सगळ्यात बारीक, ते सांगतलं त्यानं. बाईनं कान धरला ते चुकलं. पन तू तरी दाखला पुरा आयकला का? तू राजगिऱ्यापाशीच थांबला. पाखरं कोन पाह्यची मंग?”

पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं की पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीननं उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना आमच्या बाईंसारख्यांनाच दम भरला होता. आकाश, तारे, प्राणी, वनस्पती यांबद्दल बाहेरच्या माणसाला अनुभवानं जे पक्कं ठाऊक आहे, त्याविरुद्ध ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन अडाण्यासारखा बोलू लागला, तर ऐकणारा हसतो. आणि मग त्याच शास्त्रातल्या पुनरुत्थानावर त्यानं का विश्वास ठेवावा? ऑगस्टीन आबाजींनी वाचलेला नव्हता. त्यांच्याकडे पितळी ताट होतं.

आबाजी अचलपूरजवळ कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन बांधणारे, होते. सकाळी सायकलला डबा लावायच्या आधी घरात प्रार्थना व्हायची, आणि प्रार्थनेच्या आधी बायबलचा एक अध्याय. पहिल्या पानापासून सुरुवात करायची, शेवटच्या पानाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. आवडीचे अध्याय निवडायची मुभा नव्हती. हातात पेन्सिल असायची. पटलं तिथं उभी रेघ, पटलं नाही तिथं प्रश्नचिन्ह. पवित्र पुस्तकात असं प्रश्नचिन्ह काढू नये, असं एकदा आजी म्हणाल्याचं आठवतं. आबाजी म्हणाले, “खोडून तं नाई ना टाकलं? इचारून ठेवलं.”

(आमच्या घरात वऱ्हाडी आणि बायबलात ‘ह्यास्तव’, ‘तेव्हा असे झाले की’. त्यामुळे लहानपणी माझी खात्री होती की देव पुण्याकडचा आहे आणि आपल्याशी बोलताना त्याला जरा अवघडल्यासारखं होत असणार.)

तर असे वाचता वाचता ते दरवेळी लेवीयच्या तेराव्या अध्यायाला येत. तिथं लिहिलं आहे की कातडीवर असा असा चट्टा दिसला तर याजकानं तपासावं आणि तो महारोग ठरला तर त्या माणसानं फाटके कपडे घालावेत, केस मोकळे सोडावेत, वरचा ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडावं आणि छावणीबाहेर एकटं राहावं. हा अध्याय वाचून, प्रार्थना करून, आबाजी सायकल काढत आणि अख्खा दिवस ज्यांचे पाय धूत, त्यांना त्या अध्यायानं छावणीबाहेर काढलेलं होतं. एकेक बधिर पाय, त्याला माहीतच नसलेली जखम, आतला खडा. गावानं त्या लोकांना छावणीबाहेर काढलं त्याला गावाची स्वतःची कारणं होती, बायबल वाचून कोणी काढलं नव्हतं. पण आबाजींना ते पुरेसं नव्हतं. आपल्याच पुस्तकात तेच लिहिलंय, हे त्यांना टोचायचं.

इथं त्यांनी तीन प्रश्नचिन्हं केली आहेत. पहिलं ‘अशुद्ध, अशुद्ध’पाशी. दुसरं थोडं पुढं, जिथं लोकरीच्या कपड्याला महारोगाचा चट्टा पडतो. आणि तिसरं चौदाव्या अध्यायात, जिथं घराच्या भिंतीला हिरवट नाही तर तांबूस चट्टे उठतात आणि याजक ते घर सात दिवस बंद करायला लावतो. तिथं समासात बारीक अक्षरात लिहिलं आहे: भिंतीले महारोग होते का?

ही ओळ मला फार मोठी वाटते. आबाजी सातवी शिकलेले. हिब्रू त्यांनी ऐकलीही नसेल. पण रोज शेकडो चट्टे पाहणारा माणूस होता तो. भिंतीला जे होतं ते ओल आहे, बुरशी आहे, आणि कोठाऱ्याच्या वॉर्डात जे आहे ते वेगळं आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. म्हणजे पुस्तक ज्याला ‘महारोग’ म्हणतं तो हा रोग नव्हेच! ही शंका त्यांना बाहेरून कोणी दिली नाही. अध्याय अर्ध्यावर न सोडता वाचला म्हणून ती आली. त्या काळी बायबल सेमिनरी यवतमाळलाच होती, ती पुण्याला गेली 1983 मध्ये. तिथं शिकून आलेल्या एका पाळकसाहेबांना आबाजींनी विचारलं. त्यांनी सांगितलं की मूळ हिब्रू शब्द कातडीचे निरनिराळे विकार, कपड्यावरची बुरशी, भिंतीवरची बुरशी या सगळ्यांना मिळून आहे. पुढं त्याचं ग्रीकमध्ये ‘लेप्रा’ झालं आणि आपल्याकडे येता येता महारोग. ज्या जंतूनं कोठाऱ्याचे वॉर्ड भरले होते तो नॉर्वेच्या हॅन्सेनला 1873 मध्ये सापडला. आबाजींच्या हातात त्याच्यावरच्या डॅप्सोनच्या गोळ्या होत्या. मोशेचा याजक आणि हॅन्सेन एकाच रोगाबद्दल बोलतच नव्हते.

पाळकसाहेब गेल्यावर आबाजींनी प्रश्नचिन्ह खोडलं नाही. त्याच्या पुढं एवढंच लिहिलं: मार्क 1, 41. तिथं एक कुष्ठरोगी येशूपुढं गुडघे टेकतो आणि येशू हात पुढं करून त्याला शिवतो. आधी बरं करून मग नाही, आधी शिवतो.

मूळ शब्द शोधायचा म्हटलं की आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना एक बाई आठवतेच. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, गावच्या अर्धशिक्षित बाईला कळेल असं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्याचं टाइप जुळवण्यापासूनची कामं तिथल्या बायकांनीच केली. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून आलेल्या होत्या. 1897 च्या सुमारास आपल्या मध्य प्रांतातूनही रमाबाईंनी मुली नेल्या होत्या. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं.

पण मला त्यांची जास्त आठवण येते ती त्याआधीच्या एका भांडणासाठी. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. लगेच चर्चच्या मंडळींनी त्यांच्यापुढं सिद्धान्तांची यादी ठेवली: हे मानायचं, ते मानायचं, चर्च शतकानुशतकं मानत आलं आहे. रमाबाईंनी विचारलं, बायबलात कुठं आहे ते दाखवा. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या गुरू आणि आईसारख्या. त्यांना 1885 मध्ये लिहिलेल्या पत्रात रमाबाई सांगतात की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता पुरोहितांकडून येईल ते सगळं परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलंच दुसरं जोखड घ्यायला मी तयार नाही. वय सत्तावीस. परका देश, विधवा, पदरात लहान मुलगी, आणि आसरा ज्यांचा त्यांच्याशीच वाद. अहंकारी, हट्टी, सगळं ऐकून घेतलं.

ज्यांना रमाबाई आवडतात त्यांतले निम्मे लोक या भांडणाचा असा अर्थ लावतात की बाई स्वतंत्र बुद्धीच्या होत्या, धर्मग्रंथ वगैरे त्यांना नावापुरता. मला हे चुकीचं वाटतं. त्यांनी ग्रंथाचा अधिकार झुगारला नव्हता. ग्रंथ मधे धरून त्याच्या पहारेकऱ्यांना झुगारलं होतं. त्याआधी कलकत्त्याला असताना धर्मशास्त्रं वाचून त्यांनी पाहिलं होतं की एरवी कशावरच एकमत नसलेले ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यावर मात्र एकमत करतात. तिथं ग्रंथच सोडला. इथं सोडला नाही, उलट मूळ भाषांपर्यंत खणत गेल्या. का, हे त्यांनी लिहून ठेवलंय. पण मला ते त्यांच्या लिहिण्यापेक्षा त्यांच्या कामातून जास्त कळतं. ज्या ग्रंथावर नुसती श्रद्धा आहे त्याच्यासाठी म्हातारपणी कोणी हिब्रूची क्रियापदं घोकत नाही. त्यासाठी आत काही तरी खरं आहे आणि ते अजून पुरतं हाती आलेलं नाही, असं वाटावं लागतं.

आता आईचं सांगतो. हे सांगावं की नाही यावर घरात वाद झाला होता, पण आईच म्हणाली, लिही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी तीन दिवसांच्या उज्जीवन सभा होत्या. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. मंडप, दोन कर्णे, हार्मोनियमऐवजी कीबोर्ड. आई तिन्ही दिवस गेली. तिला साखरेचा आजार बारा वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि आणखी एक गोळी चालू. प्रचारकांनी यशयाचा त्रेपन्नावा अध्याय काढला: त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले. प्राप्त झाले, होणार आहे असं नाही! ज्याला प्राप्त झालं त्यानं गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं. आईनं घरी येऊन गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागे टाकली आणि आम्हाला कोणालाच सांगितलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, दिवसभर बाहेर. तिसऱ्या महिन्यात तिच्या उजव्या पायाला चपलेचा फोड आला आणि तो मिटेना. कोठाऱ्याच्या ड्रेसरची सून ती! बधिर पायाची जखम म्हणजे काय हे तिनं सासऱ्याच्या तोंडून हजार वेळा ऐकलेलं. तरी ती जखम आमच्यापासून झाकून, प्रार्थना करत, आणखी पंधरा दिवस बसली.

अमरावतीला नेलं तेव्हा करंगळी काळी पडली होती. ती काढावी लागली.

त्या रात्री मी आईशी फार वाईट बोललो. पुस्तकावर बोललो, प्रचारकावर बोललो, तिच्या अडाणीपणावर बोललो, ती आठवी पास आहे हे विसरून. ती गप्प होती. मग म्हणाली, “वचन तं खोटं नाई ना?” आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं आहे म्हणावं तर माझाच त्याच्यावर विश्वास. खरं आहे म्हणावं तर करंगळी कुठं गेली?

दवाखान्यात ती नऊ दिवस होती. उशाशी आबाजींचं बायबल, कारण तिच्या बायबलातली अक्षरं बारीक. मत्तयचा चौथा अध्याय तिनंच मला दाखवला. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, उडी टाक, कारण असा शास्त्रलेख आहे की तो आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. स्तोत्र 91. वचन बरोब्बर, पाठ एकदम पक्का. आमच्या शब्बाथशाळेत असता तर सैतानाला पहिलं बक्षीस मिळालं असतं. येशू ते वचन नाकारत नाही. त्याचा अर्थ तसा नव्हताच, वगैरे शब्दांचा खेळही करत नाही. म्हणतो, आणखी असा शास्त्रलेख आहे की, परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नकोस.

‘आणखी’ या शब्दाखाली आबाजींची पेन्सिल दोनदा फिरलेली होती.

“हे पाह्यलं तवाच तुले समजलं का?” मी विचारलं.

“नाई रे. बोट गेलं तवा समजलं. हे मंग दिसलं.”

ती खोटं बोलू शकली असती. अशा कथांचे शेवट आमच्या सभांमध्ये साक्ष म्हणून सांगतात तेव्हा आधी वचन सापडतं आणि मग डोळे उघडतात. आईचे डोळे जखमेनं उघडले. पण उघडल्यावर ती काय पाहत होती, त्याला शब्द मात्र त्या पानानं दिला. आता गोळ्या ती स्वतः मोजून घेते. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटासाठी पौलानं प्रार्थनेचा नाही तर थोड्या द्राक्षारसाचा सल्ला दिला होता, या दोन्ही गोष्टी ती मंडळीतल्या इतर बायकांना सांगत असते. त्यातल्या एकीनं नवऱ्याला द्राक्षारसाची वेगळीच सबब मिळेल म्हणून आक्षेप घेतला, तो भाग सोडून देतो.

माझ्या बायकोचं माहेर कॅथलिक. नाताळच्या जेवणानंतर मेहुणा आणि मी दरवर्षी एकच वाद घालतो. तो म्हणतो, तुम्ही लोक बायबल एकेकट्यानं वाचता म्हणून दर चार वर्षांनी एका मंडळीच्या दोन होतात, आणि काकूंचं बोट जातं. त्याला विचारणारं, अडवणारं कोणी नसतं. चर्चची परंपरा असती तर कोणी तरी त्या प्रचारकाला खाली बसवलं असतं. मी म्हणतो, परंपरेनंच गॅलिलिओला खाली बसवलं होतं. दोघांचंही थोडं खरं आहे. 1521 मध्ये वर्म्सच्या सभेत आम्हा प्रोटेस्टंटांचा लूथर म्हणाला ते आमच्याकडे अर्धंच सांगतात. शास्त्रलेखानं माझी खात्री पटवल्याशिवाय मी मागं हटणार नाही, एवढंच. प्रत्यक्षात तो शास्त्रलेखानं किंवा स्पष्ट तर्कानं असं म्हणाला होता. आणि मेहुण्याच्या चर्चनं 1965 च्या व्हॅटिकन परिषदेत लिहून दिलं आहे की आपल्या तारणासाठी जे सत्य देवाला लिहवून घ्यायचं होतं ते शास्त्र निर्दोषपणे शिकवतं. यात राजगिऱ्याला बरीच जागा आहे. हे दोघांनी एकमेकांना कबूल करेपर्यंत चहा थंड होतो.

पण खरा प्रश्न मला घरातल्यांनी नाही, बांधाशेजाऱ्यानं विचारला.

त्याचं वावर माझ्या वावराला लागून. शाळेपासूनचा मित्र. त्याचे आबाजी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात होते, आणि त्याच्या घरात बाबासाहेबांच्या ग्रंथांचं कपाट आहे ते आमच्या शाळेच्या वाचनालयापेक्षा मोठं आहे. मृगाच्या आधी आम्ही दोघं मिळून सोयाबीनची उगवण तपासतो. 2020 च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारींचा जो ढीग पडला, तेव्हापासून तर नेमानं. गोणपाट ओलं करायचं, त्यावर दहा ओळींत दहा दहा दाणे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि आठवड्यात मोजायचं. शंभरातले 70 उगवले तर पेरायचं.

त्या वर्षी आमच्या गुंडाळीत 58 निघाले. पिशवीवर टॅग होता, प्रमाणित होतं, सगळे शिक्के जागच्या जागी.

तो म्हणाला, “पाय, शिक्का हाय तरी आपन मोजलं. आमच्या बुद्धानं कालाम लोकाईले हेच सांगतलं. परंपरेनं आलं म्हनून मानू नका, ग्रंथात हाय म्हनून मानू नका, गुरू सांगते म्हनूनबी नाई. सोतां जाना. तुह्यं कसं हाय? तुह्यं तं पुस्तकच शेवटचं. मंग शोध कायचा घेतं तू?”

मी लगेच विद्वत्ता काढली. प्रेषितांच्या कृत्यांतले बिरुयाचे लोक सांगितले. साक्षात पौल उपदेश करून गेला तरी तो म्हणतो ते असंच आहे का, हे पाहायला ते रोज शास्त्रात शोध करत, आणि त्याबद्दल पुस्तक त्यांना थोर मनाचे म्हणतं. त्यानं मान हलवली. “पन शोध शास्त्रातच ना? टॅग खरा का खोटा ते टॅगवरच पाह्यचं?” मग मी हिस्लॉप काढला. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आला, फ्री चर्चचा मिशनरी. एका हातात शुभवर्तमान आणि दुसऱ्यात हातोडी. नागपूरच्या आसपासच्या खडकांत दडलेली शिंपली, पानं, हाडं फोडून काढली, लंडनच्या भूविज्ञान मंडळाच्या नियतकालिकात लेख छापले, एका खनिजाला त्याचं नाव आहे. गोंडांची गाणी उतरवून घेतली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना ओढ्याच्या पुरात तो घोड्यावरून वाहून गेला. पुस्तकवाला माणूस शोध घेता घेताच मेला की नाही?

“मेलेल्या सायबाचं नको सांगू,” तो म्हणाला. “तुह्यं सांग.”

माझं मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, कारण त्यात तो होता. इथं सांगतो.

त्याच्या आदल्या हंगामात मी सोयाबीनची सोंगणी एकरानं दिली होती. बाया-माणसं मिळून अकरा जण. तीन दिवसांत वावर मोकळं केलं. बाजारात भाव पडलेला, म्हणून मी मळणी करून पोती घरात लावली आणि मजुरांना म्हटलं, माल विकला की देतो. रिवाजानं त्यात कोणाला काही खटकलं नसतं. सगळेच तसं करतात. मित्रानंही त्यांना तसंच थांबवलं होतं. माझ्याकडे पगार होता, तरी थांबवलं, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा आम्ही आबाजींच्या शिस्तीनं वाचत याकोबाच्या पत्रापर्यंत आलो होतो. पाचवा अध्याय. ज्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि कापणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे. आई मोठ्यानं वाचत होती. तिला माझ्या हिशेबाचं काहीच माहीत नव्हतं. मी मागच्या भिंतीला लावलेल्या पोत्यांकडे पाहिलं नाही, पण ती तिथं आहेत हे मला पाठीला कळत होतं.

त्या वेळी मी हे वचन कोणत्या काळातलं, मूळ ग्रीक काय, तेव्हाची जमीनदारी कशी होती, असं सगळं विचारू शकलो असतो. मला ते येतं, मी मास्तर आहे. विचारावंसं वाटलं नाही असंही नाही. पण राजगिऱ्याच्या वेळी प्रश्न विचारणारा मी होतो. इथं प्रश्न मला होता आणि उठून जायला जागा नव्हती. रात्री साडेनऊला शेजारच्याकडून उसने आणि पोस्टातले मिळून पैसे जमवायचा हिशेब केला, दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा लोकांचे चुकते केले. दोघीजणी म्हणाल्या, मास्तर, इतकी घाई कायची होती? मला लाज वाटली.

‘अधिकार’ हा शब्द मला तेव्हा कळला, असं म्हटलं तर ते थोडं फुगवून होईल. कारण पुढच्या वर्षी कपाशीच्या वेचणीला मी पुन्हा आठ दिवस लांबवलं होतं. एवढंच म्हणतो की दुसरं कोणतं पुस्तक माझ्याशी तसं वागलं नाही. त्याच्यात मी चुका काढल्या आहेत, काही जागी आबाजींच्या प्रश्नचिन्हाशेजारी माझंही आहे, बायकांनी मंडळीत गप्प राहावं याच्यापुढं तर आईचंच आहे, शाईनं. तरी पान बंद करता येत नाही ते याच कारणासाठी.

यंदा पाऊस लांबला. मित्र परवा संध्याकाळी ओलं गोणपाट घेऊन आला आणि ओट्यावर बसला. आईचं इयोबाचं पुस्तक चालू आहे. ती चष्मा कपाळावर चढवून त्याला गोष्ट सांगू लागली. लेकरं गेली, गुरं गेली, अंगभर फोड, राखेत बसला बिचारा. तिघं मित्र आले. सात दिवस गप बसले आणि मग बोलायला लागले ते थांबेचनात: देव न्यायी आहे, पापाशिवाय दुःख येत नाही, पश्चात्ताप कर. आणि इयोब देवाशीच भांडतो, माझं काय चुकलं ते दाखव म्हणतो. शेवटी देव बोलतो तेव्हा मित्रांवर रागावतो! म्हणतो, माझा सेवक इयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाही.

“आता मले सांग,” आई म्हणाली, “थे तिघं तं सगळं शास्त्राचंच बोलून राह्यले होते. भांडला हा. मंग देव त्याईच्यावर काहून रागावला?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात मित्र म्हणाला, “काकू, त्याईच्यापैकी एकानं तरी त्याले इचारलं का, बावा काय झालं म्हनून?”

आईनं चष्मा खाली ओढला. “थांब,” म्हणाली, “पाह्यतो परत.” आणि बोट ओळीवर ठेवून चौथ्या अध्यायापासून वाचायला लागली.